बालकांचे निरीक्षण : एका न मोजलेल्या श्रमाचा इतिहास

कामगार चळवळीत ज्याचे आयुष्य गेले त्याने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून तीन-चार वर्षांच्या मुलांविषयी बोलावे, हे महाडकर श्रोत्यांपैकी कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आमच्याकडून बोनस, किमान वेतन, कंत्राटी कामगारांची स्थिती अशा विषयांची अपेक्षा केली जाते, आणि ती योग्यही आहे. परंतु आजचा विषय त्याच घराण्यातला आहे. श्रम कशाला म्हणावे, कोणता श्रम मोजला जातो आणि कोणता मोजणीतून सुटतो, हाच आमचा जन्मभराचा प्रश्न. गोणी उचलणे, यंत्र चालवणे, भात लावणे हा श्रम सर्वांना दिसतो. वीस-पंचवीस मुलांच्या गलक्यात बसून त्यांतल्या एका मुलाकडे मन ढळू न देता पाहत राहणे, हा श्रम आहे काय? असेल तर तो कोणी ओळखला, आपल्या महाराष्ट्रात तो कसा रुजला, आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत व कोंडांपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचे काय झाले, एवढाच इतिहास येथे मांडावयाचा आहे.

आम्ही शिक्षणशास्त्राचे पदवीधर नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयातून पुस्तके आणून वाचले. जे पाहिले ते अंगणवाडीच्या बायांच्या सभा-बैठकांच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना पाहिले. त्यामुळे आमच्या बोलण्यात कारखान्याची भाषा मधून मधून येईल. ती येथे परकी ठरणार नाही, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी जगात दोन प्रकारचे निरीक्षक पुढे आले. त्यांतील पहिला आम्हां कामगारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनियराने हातात घड्याळ घेऊन मजुराच्या हालचाली मोजण्याची पद्धत रूढ केली. बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात १८९९ साली लोखंडाच्या लगडी वाघिणीत चढवणाऱ्या मजुरांवर त्याने हा प्रयोग केला. तोवर एक मजूर दिवसाला सुमारे साडेबारा टन माल चढवीत असे. टेलरने निवडलेला मजूर सत्तेचाळीस टनांवर गेला, असे त्याने १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. काम जवळजवळ चौपट झाले. मजुरी वाढली ती सुमारे साठ टक्के. टेलरचे लक्ष मोठे तीक्ष्ण होते, यात शंका नाही. फावडे किती वाकते, पाऊल कोठे पडते, क्षणभर विसावा कोठे घेतला जातो, हे सारे तो टिपून घेई. परंतु काय पाहावयाचे आणि कशासाठी पाहावयाचे, हे त्याने आधीच ठरवलेले असे. मजुराला काय वाटते, हा त्याच्या टिपणवहीतला रकानाच नव्हता.

दुसरा निरीक्षक त्याच सुमारास रोम शहरात दिसतो. सान लोरेन्झो ही तेथील कष्टकऱ्यांची दाटीवाटीची वस्ती. एका गृहसंस्थेने तेथील पडक्या चाळी दुरुस्त करून कुटुंबांना भाड्याने दिल्या. आई-बाप दोघेही कामावर जात. शाळेच्या वयाला न आलेली पोरे दिवसभर जिन्यांतून धुडगूस घालीत आणि भिंती खराब करीत. भिंती वाचाव्यात म्हणून संस्थेने त्या पोरांना एका खोलीत गोळा करण्याचे ठरवले आणि मारिया माँटेसोरी या डॉक्टरबाईंना बोलावले. ६ जानेवारी १९०७ रोजी त्या खोलीचे बालगृह झाले. म्हणजे, श्रोतेहो, ज्या शिक्षणपद्धतीची आज शहरांत भारी फी घेतली जाते, तिचा उगम मजुरांच्या पोरांना आवरण्याच्या गरजेतून झाला आहे.

तेथे बाईंनी पाहिलेली एक गोष्ट जगप्रसिद्ध आहे. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठ्या दट्ट्या बसवीत होती. बसवायच्या, काढायच्या, मिसळायच्या, पुन्हा बसवायच्या. बाईंनी मोजायला सुरुवात केली. इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. मुलीची मान वर झाली नाही. तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवले. तिने ठोकळा मांडीवर धरून ठेवला आणि काम पुढे चालू केले. चाळीसाहून अधिक वेळा ते करून झाल्यावर ती आपली आपणच थांबली आणि झोपेतून ताजे होऊन उठल्यासारखी इकडेतिकडे पाहू लागली. तोवर सर्वांची समजूत अशी की, लहान मुलाचे मन एका जागी ठरतच नाही. एका मुलीकडे शेवटपर्यंत पाहिल्याने ही समजूत डळमळीत झाली. बाई मध्येच उठून गेल्या असत्या, किंवा ‘शाब्बास, आता दुसरे खेळ’ असे म्हणाल्या असत्या, तर हे दिसलेच नसते. मुलीच्या एकाग्रतेचा शोध लागण्यासाठी पाहणारीचीही तितकीच एकाग्रता लागली.

टेलरला मजुराकडून अधिक काम हवे होते आणि ते त्याने मिळवले. माँटेसोरीबाईंना मुलीकडून काहीच काढून घ्यावयाचे नव्हते, म्हणून त्यांना नवे काही कळले. निरीक्षण या एकाच शब्दाखाली हे दोन व्यवहार चालतात, आणि पुढील सर्व इतिहासात यांची ओढाताण चालू असलेली दिसते.

मुलाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची वहिवाट याच्याही आधीची आहे. उत्क्रांतिवादाचा प्रणेता चार्ल्स डार्विन याचा थोरला मुलगा डिसेंबर १८३९ मध्ये जन्मला. बाळ केव्हा दचकते, केव्हा रागावते, केव्हा ओळखीचे हसते, हे डार्विनने त्या त्या वेळी वहीत लिहून ठेवले आणि सदतीस वर्षांनी, १८७७ साली, त्या टिपणांवरून एक लेख प्रसिद्ध केला. सदतीस वर्षांनंतरही तो लेख लिहिता आला, कारण टिपण घटना घडताच केले होते. आठवणीवर विसंबून लिहिले असते तर बापाच्या मायेने त्यात रंग भरला असता. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

रोममध्ये हे चालले असता आपल्याकडच्या कष्टकऱ्यांच्या मुलांची स्थिती काय होती? महाड-पोलादपूरच्या घराघरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, हे येथे कोणास सांगायला नको. गिरणीत बायाही मोठ्या संख्येने कामाला होत्या. दहा-दहा, अकरा-अकरा तासांची पाळी. तान्हे मूल चाळीच्या खोलीत किंवा गिरणीच्याच कोपऱ्यात. ते रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी चाटवीत. तिला ‘बाळगोळी’ असे गोंडस नाव होते. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारने एका डॉक्टरबाईंकडून गिरणीतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करवली, तेव्हा ही चाल जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे आढळले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. जिच्याजवळ मुलाकडे पाहायला वेळच उरू दिलेला नाही, तिला निजलेले मूलच परवडते. मुलाकडे लक्ष देणे ही केवळ मायेची बाब नसून कामाच्या तासांचीही बाब आहे, हे गिरणगावाने आम्हांस शिकवले.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया जेथे काम करीत तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली गेली. पाळणाघरावर मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेली बाई असावी, असेही कायद्यात होते. खोली, पाळणे, दूध यांची तपासणी इन्स्पेक्टर करू शकतो. बाईने मुलाकडे कसे पाहावे, हे मात्र कायद्याच्या कलमातून येत नाही. ती विद्या आपल्याकडे दुसऱ्या वाटेने आली.

ती वाट भावनगरहून निघते. नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका हे काम करीत. हे मूळचे वकील. १९१३ साली मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे या विचारात माँटेसोरीबाईंचे लेखन त्यांच्या हाती आले आणि वकिली सुटली. १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. लोक त्यांना कौतुकाने मिशाळी आई म्हणत. याच बालमंदिरात ताराबाई मोडक आल्या. त्या राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपदावर होत्या. मानाची व पगाराची जागा सोडून त्या चिमुकल्यांमध्ये जमिनीवर येऊन बसल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ताराबाईंनी दादर येथे १९३६ साली शिशुविहार सुरू केले. १९३९ साली खुद्द माँटेसोरीबाई मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम काही वर्षे लांबला. एवढ्यावर हा इतिहास थांबला असता, तर बालशिक्षण ही शहरातील सुखवस्तू घरांची शोभा ठरली असती.

परंतु १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. अनुताईंना तेराव्या वर्षी वैधव्य आले होते; शिक्षण आणि नोकरी यांच्या बळावर त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या होत्या. बोर्डीची बालवाडी सर्वांना खुली होती. मुले येत होती, खेळत होती, गाणी म्हणत होती. वरवर पाहणाऱ्याला सर्व ठीक चालले आहे असेच दिसले असते. या दोघींच्या ध्यानात आले ते न येणाऱ्या मुलांचे रिकामेपण. हरिजनवाड्यातील मुले येत नव्हती. आई मजुरीला गेलेली, धाकटे भावंड कडेवर, अंगावर धड कपडा नाही, आणि गावातील मोठ्या घराच्या मुलांत जाऊन बसण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकोच. दार उघडे ठेवणे पुरेसे नाही, हे ओळखून या दोघींनी बालवाडीच वाड्यातल्या अंगणात नेली. मुलांना तेथेच न्हाऊ घालावे, तेथेच खेळवावे, तेथेच शिकवावे. अंगणातली ती बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. आज देशभर सरकारी फलकांवर दिसणारा हा शब्द एका नेमक्या निरीक्षणातून जन्मला आहे. आणि ते निरीक्षण गैरहजर मुलांचे होते.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेले. तेथे आढळले की थोडी मोठी मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. परदेशी बनावटीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. त्यातही पाहण्याचाच भाग मोठा होता. मूल घरी कशाशी खेळते हे आधी पाहिले, म्हणून काय वापरावे हे कळले. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत हे काम करीत राहिल्या.

महाडच्या माणसाला ही बोर्डीची गोष्ट अनोळखी वाटू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. आपल्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदोपत्री तळे खुले होते. तळ्यावर उभे राहून कोण पाणी भरते आणि कोण भरत नाही, एवढे कोणी पाहिले असते, तरी ठरावाची किंमत कळली असती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा ठराव आणि वस्तुस्थिती यांतील अंतर जगासमोर आले. ‘सर्वांना खुले’ या शब्दांवर समाधान न मानता प्रत्यक्षात कोण आले नाही हे पाहावे, हा महाडचा धडा आहे. अठरा वर्षांनी बोर्डीत दोन स्त्रियांनी तीन-चार वर्षांच्या मुलांबाबत तेच केले.

आजही आपल्या दोन्ही तालुक्यांत हा धडा ताजा आहे. दिवाळी झाली की कातकरीवाड्यांतली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीतल्या अंगणवाडीच्या दप्तरात त्या मुलांची नोंद ‘स्थलांतरित’ अशी होते. नोंद खरी असते. पण जाताना ते मूल किती शब्द बोलत होते, परतल्यावर किती बोलते, पूर्वी धावत येणारे आता दाराशी का उभे राहते, हे कोणी पाहिले तरच त्या शब्दाचा अर्थ कळेल.

येथवर इतिहास झाला. आता हे लक्ष टिकते कसे आणि तुटते का, याचा थोडा विचार करू. कारण लक्ष ठेवणे ही केवळ सद्भावनेने साधणारी गोष्ट आहे, असा फार मोठा गैरसमज आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदलातले रडारवाले तासन्‌तास पडद्यासमोर बसत आणि शत्रूची खूण पडद्यावर येऊनही त्यांना ती दिसत नसे. नॉर्मन मॅकवर्थ या संशोधकाने याचा छडा लावण्यासाठी एक घड्याळ केले. त्याचा काटा ठरावीक टप्प्याने सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी पाहून कळवायची, एवढेच काम. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढू लागतात. मध्ये विसावा दिला, किंवा पाहणाऱ्याला त्याचे बरोबर येते की चुकते हे कळत राहिले, तर लक्ष टिकते. ही धडधाकट, निवडक, शिकवून तयार केलेली तरुण माणसे होती. तात्पर्य, लक्ष ढळणे हा शीलाचा दोष नाही. तो शरीराचा धर्म आहे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यांत रात्रपाळी केलेल्या कोणालाही हे मॅकवर्थने सांगण्याची गरज नाही. प्रेशरच्या काट्याकडे पाहणारा ऑपरेटर पहाटे तीन वाजता काट्याकडे पाहतच असतो, पण काटा त्याला दिसत नाही. म्हणून जाणत्या कारखान्यात दर तासाचे आकडे दर तासाला लिहावयाचे असतात, बदलीचा माणूस ठेवलेला असतो, आणि पाळी बदलताना एकाने दुसऱ्याला तोंडी सांगून जावयाचे असते. जेथे माणसे कमी केली जातात, तेथे पाळीअखेर बसल्या जागी साऱ्या पाळीचे आकडे भरले जातात. वही भरलेली दिसते; पाहणे झालेले नसते.

मुलांच्या बाबतीत काटा एक नसतो, पंचवीस असतात, आणि ते चालते-बोलते असतात. शिवाय आणखी एक अडचण असते. काट्याविषयी आपले पूर्वग्रह नसतात, मुलांविषयी असतात. अमक्याचा पोर म्हणजे हूडच असणार, अमक्या वाडीतले पोर गप्पच बसणार, मुलगी आहे म्हणजे भातुकलीच खेळणार, असे आपण आधीच ठरवून बसतो आणि मग तेवढेच आपल्याला दिसते. यावर उपाय आमच्या जुन्या परिचयाचा आहे. अपघात झाला की पंचनामा करतात. चांगला पंचनामा कसा असतो? ‘कामगार निष्काळजी होता’ असे त्यात लिहीत नाहीत. ‘पट्ट्यावरचे झाकण काढून खाली ठेवलेले होते, फरशीवर तेल सांडलेले होते’ असे लिहितात. निष्काळजी कोण, याचा निर्णय मागाहून होतो. मुलाच्या वहीतही ‘हट्टी आहे’ असे लिहिले की पाहणे संपले. ‘डबा तीन वेळा मागितला, चौथ्या वेळी हिसकावून घेतला’ असे लिहिले, म्हणजे पाहणे चालू राहते. केंब्रिज येथे १९२४ ते १९२७ या काळात सुसान आयझॅक्स या बाईंनी चालवलेल्या बालशाळेत मुलांचे बोलणे आणि वागणे असेच शब्दशः टिपून ठेवीत. त्या नोंदींवर उभे राहिलेले त्यांचे ग्रंथ बालमानसशास्त्रात आजही मोलाचे मानले जातात.

या शिस्तीचे फळ काय असते, ते आमच्या भागातील एका अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलेल्या हकिकतीवरून कळेल. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले, हे आपण सर्वांनी भोगले आहे. त्यानंतर काही महिन्यांनी या बाईंच्या अंगणवाडीत चार वर्षांचा एक मुलगा खेळ संपण्याच्या सुमारास सारे ठोकळे उचलून खिडकीच्या वरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवी. इतर मुले रडत. मदतनीस म्हणे, खोडी आहे याची. बाईंनी त्याला चार दिवस काहीच बोलायचे नाही असे ठरवले आणि रोज लिहिले : काय उचलले, कोठे ठेवले, आधी काय घडले होते. तिसऱ्या दिवशी त्यांना दिसले की, बाहेर पावसाची सर आली की तो हे काम घाईने करतो. चौथ्या दिवशी तो बाईंची चप्पलही वर ठेवू लागला. मग त्यांनी त्याच्या आईला बोलावून विचारले. पुराच्या रात्री घरातली माणसे हाती लागेल ते माळ्यावर चढवीत होती आणि हा जिन्यात उभा राहून पाहत होता. तो खोड्या करीत नव्हता. घर वाचवीत होता. बाईंनी त्याला रागे भरणे बंद केले, सगळ्या मुलांसह ठोकळे वर ठेवण्याचा व पुन्हा खाली आणण्याचा खेळ मांडला, आणि काही आठवड्यांनी तो आपसूक थांबला. या साऱ्याला एक वही, चार दिवस आणि गप्प बसण्याचे धैर्य एवढेच लागले.

ही हकिकत सांगून झाल्यावर बाई जे म्हणाल्या तेही सांगितले पाहिजे. त्या म्हणाल्या, ‘‘दादा, त्या आठवड्यात मोबाईल बिघडला होता, म्हणून जमलं.’’

या वाक्यात अंगणवाडीचा पुढला सारा इतिहास आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी झाला. योजनेच्या सहा सेवा ठरल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्याचे शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. सहाही आवश्यक आहेत. उपाशी मुलाला निरीक्षणाचा काय उपयोग? परंतु पहिल्या पाच सेवांचे आकडे वरून मागता येतात : किती किलो, किती सेंटिमीटर, किती पाकिटे, किती लसी. सहाव्या सेवेचे मर्म आकड्यांत मावत नाही, म्हणून ते मागे पडले. पूर्वी रजिस्टरांचे गठ्ठे होते. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे मोबाईलवरील अ‍ॅप आले. हजेरी, वजन, उंची, शिधा सारे त्यात. २०२५ साली घरी न्यायच्या शिध्यासाठी लाभार्थ्याचा चेहरा मोबाईलने ओळखण्याची सक्ती आली. ज्यांनी पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर मोबाईलची रेघ शोधीत माणसे फिरताना पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. यंत्राने चेहरा ओळखला, पण त्या खटाटोपात बाईला मुलाच्या चेहऱ्याकडे पाहायला सवड राहिली नाही.

आणि ज्या बाईकडून ही सहा प्रकारची कामे घ्यावयाची, तिला काय म्हणतात? स्वयंसेविका. तिला पगार नाही, मानधन आहे. अंगणवाडी सेविकेचे पद हे शासकीय नागरी पद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचारी पन्नासाहून अधिक दिवस संपावर होत्या. मानधनवाढ, पेन्शन, ग्रॅच्युइटी या त्यांच्या मागण्या होत्या. त्या काळात काही सुशिक्षित गृहस्थ विचारीत, ‘‘या बाया करतात तरी काय? पोरे सांभाळतात!’’ टेलरचे घड्याळ हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पोरे सांभाळणाऱ्या बाईचे हात रिकामे दिसतात. चार दिवस गप्प बसून एका मुलाकडे पाहणारी बाई त्या घड्याळाच्या हिशेबी आळशीच ठरेल.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. लहान मुलाकडे लक्षपूर्वक पाहणे हा कुशल श्रम आहे. त्याला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. त्याची रीत आहे, शिस्त आहे, वही आहे. तो मायेतून सुरू होतो, पण केवळ मायेवर चालत नाही. वेळ, विसावा आणि सोबतीची माणसे मिळाली तरच तो चालतो. हे मान्य केले तर मागणीही नेमकी करता येते. प्रत्येक अंगणवाडीत दिवसाकाठी अर्धा तास असा असावा की, ज्या वेळी बाईच्या हाती मोबाईल नाही, रजिस्टर नाही, तराजू नाही. मदतनिसाने इतर मुले सांभाळावीत आणि बाईने एका मुलाकडे पाहावे. दुसऱ्या दिवशी दुसरे मूल. पाहिले ते त्याच दिवशी दोन-चार ओळींत लिहावे, आणि महिन्यातून एकदा जवळपासच्या पाच-सहा बायांनी एकत्र बसून त्या ओळी एकमेकींना वाचून दाखवाव्यात, म्हणजे एकीला न दिसलेले दुसरीला दिसेल. वही वरिष्ठांनी आकडेवारीसाठी मागवू नये. आणि हा अर्धा तास कामाच्या तासांत, मोबदल्यासह, धरला जावा.

ही मागणी केवळ संघटनेची राहू नये, नागरिकांचीही व्हावी, म्हणून ती आम्ही येथे मांडली. महाडच्या नागरिकांना आपल्या प्रभागातील अंगणवाडी कोठे आहे, तिथे पाणी आहे की नाही, बाईंचे नाव काय, हे ठाऊक असावे. पोलादपूरच्या पालकांनी मुलाला घ्यायला गेल्यावर ‘आज काय शिकवलंत?’ याऐवजी ‘आज याचं काय दिसलं?’ असे विचारून पाहावे. पहिल्या दिवशी बाई गोंधळतील. आठवड्याभराने त्या उत्तर देतील, आणि ते उत्तर देता यावे म्हणून त्या पाहू लागतील. आपल्या घरच्या मुलाविषयी ते उत्तर ऐकून झाल्यावर, वाडीवरच्या ज्या मुलाची आई भट्टीवर गेली आहे, त्याच्याविषयीही तोच प्रश्न विचारावा.